विमानाचे न मोडलेले पाय

"चाळीस वर्षं होड्या बांधल्यात, तर आमच्या दिवाळी अंकाच्या वाचकांसाठी दोन-चार गमतीचे अनुभव लिहा," असं संपादकांचं पत्र आलं. चकली-करंजीबरोबर वाचायचं म्हणजे मजकूर हलकाफुलका हवा, हे मलाही कळतं. पण मनात सगळ्यात वर जे पडलेलं असतं ते बाजूला केल्याशिवाय खालचं काही हाताला लागत नाही. आणि माझ्या मनात वर पडलंय ते गमतीचं नाही. होडीचंही नाही. ते एका खेळण्यातल्या विमानाचं आहे.

तरी आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

दिघीला खाडीच्या काठावर आमची झावळ्यांची छपरी होती. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे आगरदांडा. वडील होड्या बांधायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. होडी म्हणजे काय, तर खाली एक लांब जाड लाकूड, तो तिचा कणा. त्याला दोन्ही अंगांनी बरगड्या बसवायच्या, त्यांना आम्ही वाक म्हणतो, आणि वाकांवर फळ्या चढवायच्या. हे सांगायला सोपं आहे. खरं काम असतं ते दोन फळ्यांच्या सांध्यात. सांधा असा बसला पाहिजे की पाण्याला विचार पडावा. मग राहिलेल्या फटीत कापूस ठासायचा, वर चंद्रुसाची राळ नि तेल लावायचं. पण कापसावर भिस्त ठेवणारा मेस्त्री आमच्यात कच्चा समजला जायचा.

मी कच्चा नव्हतो. आमच्याकडे हिराबाई नावाची एक कोळीण गिऱ्हाईक होती. नवऱ्यापेक्षा तिलाच होडीतलं जास्त कळायचं. ती काम बघायला आली की आधी डोक्यातला एक केस उपटायची आणि सांध्यात घालून बघायची. केस आत गेला की संपलं. "मेस्त्री, हितून माजा केस गेला, तर दर्या न्हाय जायाचा?" असं म्हणून ती फळी काढायला लावायची. वडिलांच्या दोन फळ्या तिनं काढायला लावल्या होत्या. माझी एकही नाही. हे मी गावभर सांगत फिरलो होतो. वय पंचविशीच्या आतलं. सगळं जग सांध्यावर चालतं आणि सांधा आपल्याला येतो, असं वाटण्याचं ते वय.

आता दुसरी गोष्ट. तीही लागणार आहे. आमच्या बाजूला कमी, पण श्रीवर्धनच्या खालून, बाणकोटच्या अंगानं उलांडीच्या होड्या दुरुस्तीला यायच्या. उलांडी म्हणजे अरुंद होडीनं कलंडू नये म्हणून तिच्या एका कुशीला दोन लांब दांड्यांवर जोडलेला ओंडका. होडी पाण्यात आणि ओंडका तिच्याबरोबर चार हातांवर तरंगतोय, असं ते रूप. या उलांडीला खिळा म्हणून मारायचा नाही. दांड्या होडीला नि ओंडक्याला काथ्याच्या दोरीनंच बांधायच्या. लाट येते तेव्हा होडी एका बाजूला वर जाते, ओंडका दुसरीकडे. बांधलेलं असलं की दोरी कुरकुरते, थोडी ढिली होते, पुन्हा बसते. खिळे ठोकले तर पहिल्या मोठ्या लाटेत दांडी तरी मोडते, नाहीतर होडीची कड फाटते. हे मला वडिलांनी शिकवलं. मी अशा पंधरा-वीस उलांड्या स्वतःच्या हातांनी बांधल्या असतील. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मुंबईला विमानानं टपाल येऊ लागलं, त्या सुमाराची ही हकिकत.

बोर्ली पंचतनला गोगटे नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायचे. एक दिवस ते बैलगाडीतून छपरीपुढे उतरले. अंगावरचा पंचा काढून त्यांनी त्यात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलं होतं. मला वाटलं आजारी मूल आहे. पंचा उलगडला तर आत विमान.

ते सगळं त्यांनी स्वतः केलेलं होतं. कळकाच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, कागदावर भाताची पेज लावून तो ढोलकीसारखा ताणलेला. पुढचा पंखा पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलेला. पोटात मुंबईहून मागवलेल्या रबराच्या पट्ट्या. पंखा उलटा फिरवून रबराला पीळ द्यायचा, की सोडल्यावर तो आपोआप फिरतो. पंखांचा विस्तार तीन हात, आणि वजन इतकं कमी की हातात घेतल्यावर, खरंच आलं का म्हणून, मी पुन्हा खाली बघितलं. इतकं हलकं आणि इतकं नेटकं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. कामटी कामटीला जिथं भिडत होती तिथं हिराबाईचा केस गेला नसता.

फक्त पाय मोडले होते. विमान जमिनीवर उतरतं ते पोटाखालच्या दोन पायांवर आणि त्यांच्या चाकांवर. मास्तरांनी पाय कामटीचे केले होते आणि चाकं दोऱ्याच्या रिळाच्या चकत्यांची. दिवेआगरला समुद्रकाठच्या पुळणीवर ते छान उडालं, आणि उतरताना दोन्ही पाय काडकन गेले.

"मेस्त्री," मास्तर म्हणाले, "मला पाय करता येत नाहीत. तीनदा केले, तीनदा मोडले. तुम्ही होडीवाले. मार खाणारं लाकूड तुम्हाला कळतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुंबईला विमानं दुरुस्त करायच्या एका कारखान्यातले एक पारशी इंजिनिअर अलिबागला येऊन-जाऊन असायचे. मास्तरांची नि त्यांची पत्रापत्री झाली होती. साहेबांनी लिहिलं होतं, येत्या अमावास्येला मी काशीदला शिकारीला येतोय, विमान घेऊन या. जमिनीवरून स्वतः चढलं, उडालं, आणि स्वतःच्या पायांवर उतरून उभं राहिलं, तर तुम्हाला कारखान्यात घेतो.

"अठरा वर्षं मी मुलांकडून पेला नि गडवा काढून घेतोय," मास्तर म्हणाले. "माझं वय चाळीस. यानंतर मला कोणी बोलावणार नाही." हे सांगताना ते हसत होते, पण पंच्याची घडी त्यांना जमत नव्हती.

मी म्हटलं, "मास्तर, पाय माझ्यावर सोडा. विमान मोडंल, पण पाय न्हाय मोडायचे."

हे वाक्य मी बोललो. अक्षरशः हेच.

मी एका जुन्या छत्रीच्या पोलादी काड्या काढल्या. त्या दुहेरी करून तारेनं आवळल्या. विमानाच्या पोटाखाली सागाची पातळ फळी सरसानं चिकटवली आणि काड्यांची टोकं त्या फळीत तांब्याच्या बारीक खिळ्यांनी पक्की केली. वर आडवी-तिडवी आधाराची काडी. चाकांना पितळी पट्टी. हलायला कुठं जागा ठेवली नाही. पाय धरून विमान हलवलं तर सगळं विमान हलायचं, पाय नाही.

हे चालू असताना म्हादू तांडेल छपरीत बसला होता. बाणकोटकडचा, साठीचा, उलांडीची दांडी बदलायला आलेला. माझी आई त्याच्या गावची, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. बराच वेळ त्यानं नुसतं बघितलं.

"गणपत, ठोकतोस कशाला रे?" तो म्हणाला. "बांध की."

"मामा, ही होडी न्हाय. विमान हाय."

"विमान हाय तर काय झालं? खाली यायचं हाय ना त्याला? लाटंवर आपटलं काय नि वाळूवर आपटलं काय, धक्का तो धक्काच."

मी मोठ्यानं हसलो. मास्तरांनाही हसवायला म्हणालो, "ऐकलंत? मामा विमानाला काथ्या बांधाया सांगतोय. साहेब बघंल तर म्हणंल, कोळ्याचं विमान आलं."

मास्तर हसले नाहीत. ते म्हादूमामाच्या उलांडीकडे बघत होते, दोरीच्या वेढ्यांकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेस्त्री, त्यांचं म्हणणं..." आणि थांबले. मी हातोडी उचललेली होती. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. दुसऱ्याच्या हाताच्या कामात तोंड घालायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. माझा स्वभाव वाचकांना एव्हाना कळला असेल.

खरं सांगायचं तर मला दोरीची लाज वाटली. साहेबाच्या मुलखातली वस्तू पहिल्यांदा माझ्या छपरीत आली होती. तिच्यावर मला पोलाद नि तांबं दिसायला हवं होतं. आपल्या घरची विद्या पाहुण्यांपुढे मांडायला लाजावं, तसं झालं. जे काम मला सगळ्यात चांगलं येत होतं तेच मी बाजूला ठेवलं.

काम झाल्यावर मी विमान गुडघ्याएवढ्या उंचीवरून वाळूत सोडलं. टप् करून उभं राहिलं. कमरेएवढ्या उंचीवरून सोडलं. उभं राहिलं. मी मास्तरांकडे बघून मिशीवर हात फिरवला. म्हादूमामा उठून आपल्या होडीकडे गेला. आता कळतं की माझी ती परीक्षाच चुकीची होती. हातातून सोडलेली वस्तू सरळ खाली येते. विमान उतरतं ते पुढे धावत, त्याचा धक्का समोरून बसतो. एकदा दिवेआगरला उडवून बघायला हवं होतं. पण मास्तर म्हणाले, "आता पुन्हा काही मोडलं तर वेळ उरणार नाही," आणि मीही आग्रह केला नाही. आपलं काम मोडेल ही शंकाच मला नव्हती.

अमावास्येच्या दिवशी सकाळी आम्ही तरीच्या होडीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. मास्तर सगळा वेळ विमान मांडीवर घेऊन वाऱ्याला पाठ करून बसले होते. मला जायची काही गरज नव्हती. मी गेलो ते माझ्या पायांचं कौतुक ऐकायला. तरीत आगरदांड्याचे दोन तांडेल भेटले, दोघांच्या होड्या माझ्याकडे ठरलेल्या. त्यांना मी म्हटलं, "चला, माझं काम बघा," आणि पलीकडे उतरल्यावर तेही आमच्या गाडीत चढले. मुरूडवरून पुढं काशीदला पोचेपर्यंत ओहोटी लागली होती. पुळण ओली, घट्ट, तुळतुळीत. पलीकडे कोळणी बोंबील वाळत घालत होत्या, त्याही काम टाकून आल्या.

साहेब सुरूच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. गोरेपान, जाडसर, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांनी विमान हातात घेतलं आणि एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमचा हात लई सरस हाय." मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी शेपूट धरलं, मास्तरांनी पंखा फिरवून पीळ दिला. सोडल्याबरोबर ते ओल्या वाळूवरून धावलं, चाकांच्या दोन बारीक रेघा उठल्या, आणि रेघा संपल्या. वर गेलं ते. माडाच्या उंचीला गेलं, समुद्राकडे वळलं, पुन्हा जमिनीकडे वळलं. कोळणी ओरडत होत्या. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मास्तर मात्र वर बघत नव्हते. ते विमान जिथं उतरेल त्या वाळूकडे बघत होते.

रबराचा पीळ संपला, पंखा थांबला, आणि ते घसरत खाली आलं. चाकं टेकली. आणि धक्का बसला. पाय वाकले नाहीत. वाकायला मी त्यांना जागाच ठेवली नव्हती. विमान टणकन हातभर वर उडालं, पुन्हा आपटलं, आणि पायांनी खाल्ला नाही तो सगळा मार वर पोटात गेला. सागाची फळी सांगाड्याच्या कामट्या घेऊनच सुटली. पंख मिटले. कागद फाटल्याचा आवाज आम्हाला उभ्या जागी ऐकू आला.

घर पडून चूल तेवढी शाबूत राहावी, तसे माझे पाय वाळूत उभे होते. दोन्ही चाकं सरळ. एकही काडी वाकलेली नव्हती.

साहेब चालत गेले, ते पाय उचलले, हातानं वाकवून बघितले. वाकले नाहीत.

"हे पाय कोनी केला?" त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "मीच."

साहेब चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं. "बाकीचा काम बघून मला वाटला, ह्या मानसाला विमान कळते," ते म्हणाले. "पन पाय म्हंजे विमानाचा जीव. पायानं वाकला पायजे, धक्का आपन खाल्ला पायजे, पोटाला द्यायचा नाय. हे ज्याला ठाऊक नाय त्याच्या हातात मी मानसं बसनारं विमान कसा देऊ, मास्तर?"

मी चार पावलांवर उभा होतो. एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, पाय माझे आहेत, मास्तरांचे नाहीत. त्यांच्या हाताचं तेवढंच बघा, जे तुम्हाला आवडलं. साहेब समजूतदार होते, त्यांनी ऐकलं असतं. पण माझ्या दोन्ही बाजूंना ते दोन तांडेल उभे होते. उद्या आगरदांड्यापासून बाणकोटपर्यंत गोष्ट झाली असती की गणपत मेस्त्रीचं काम फसलं. ज्याच्या सांध्यातून केस जात नाही तो मेस्त्री! मी वाळूत तुटलेल्या कामट्या गोळा करायला लागलो. कोणीतरी त्या गोळा करायलाच हव्या होत्या, असं तोंड करून.

आम्ही परत निघालो. मुरूड आल्यावर मास्तरांनी गाडी थांबवली आणि मला विचारलं, "मेस्त्री, सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाहीत. भूक लागली असेल." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

विमान मी माझ्याकडे ठेवून घेतलं. पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या असतात, हाताला वेळ असतो. मास्तर रविवारी येऊन सांगाडा पुन्हा उभा करायचे, पाय माझ्याकडे. या वेळी मी बांधले. काड्या एकेरी ठेवल्या, मागे तिरक्या कलत्या केल्या, आणि पोटाला खिळ्यानं न जोडता मेण लावलेल्या सुती दोऱ्यानं वेढे देऊन आवळल्या. दोन पायांच्या मध्ये रबराची एक पट्टी ताणून बांधली. चाकं टेकली की पाय फाकायचे, मागे जायचे, दोरा कुरकुरायचा, आणि रबर पायांना पुन्हा जाग्यावर आणायचं. उलांडीच ती, दुसरं काय. म्हादूमामाला दाखवायला हवी होती, पण त्या वर्षी तो आला नाही आणि पुढेही आला नाही.

नारळी पुनव झाल्यावर आम्ही दोघंच दिवेआगरला गेलो. विमान उडालं, फिरलं, खाली आलं. पाय फाकले, विमान मऊपणानं खाली बसलं, वर झालं, दहा-बारा हात धावलं आणि उभं राहिलं. पुळणीवर चिटपाखरू नव्हतं. मास्तर त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि चाकांवरची वाळू बोटानं पुसत राहिले.

तेव्हा मी बोललो. "मास्तर, त्या दिवशी साहेबांना मी सांगाया पायजे होतं. पाय माझे होते म्हणून. अजून जातो मी अलिबागला."

"साहेब कराचीला गेले," मास्तर म्हणाले. "माझ्या जागी माणूसही घेतला त्यांनी. पत्र आलं होतं."

मग चाक पुसतच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "'मीच' म्हटल्यावर मी जरा थांबलो होतो, मेस्त्री. वाटलं, तुम्ही बोलाल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आज बरोबर किती पाऊस पडला हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. त्यानंतर ते सतरा-अठरा वर्षं बोर्लीला पेला नि गडवा शिकवत राहिले, पेन्शनीत निघाले, आणि वारले. आम्ही भेटायचो, चहा प्यायचो. विमान त्यांनी पुन्हा उडवलं नाही. आकाशात खरं विमान घरघरलं की आमच्यापैकी कोणीही वर बघत नसे.

त्यानंतरची माझी कारकीर्द चांगली गेली. लोक म्हणतात, मेस्त्रीनं बांधलेली उलांडी दर्याला दाद देत नाही. गावात कोणाच्या कामात मी चूक काढत नाही, आणि कोणी माझ्या कामात काढली तर हातोडी खाली ठेवून ऐकतो. हिराबाईनं मरायच्या आधी एकदा म्हटलं होतं, "मेस्त्री, तू लई मऊ झालास." तिला कारण माहीत नव्हतं.

ते पहिले पाय मी टाकले नाहीत. छत्रीच्या काड्या, सागाची फळी, पितळी पट्टीची चाकं, सगळं जसंच्या तसं छपरीच्या आढ्याला टांगून ठेवलंय. थोडा गंज चढलाय, पण अजून कुठं वाकलेले नाहीत. नवं गिऱ्हाईक आलं की त्याची नजर हमखास वर जाते. "हे काय हो मेस्त्री?" तो विचारतो. "कोणी केलं?"

पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघायच्या आत मी सांगतो, "मी. ते मी केलं."